कव्हर्ड कॅलिफोर्निया: ब्रॉन्झ, सिल्व्हर की कोब्रा? हिशोब जुळत नाहीये

खाडीकाठची | १५ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४०

नवऱ्याची नोकरी ३१ ऑक्टोबरला गेली आणि त्याच दिवशी रात्री बाराला आमचा विमाही गेला. इथे दोन्ही एकाच दोरीला बांधलेलं असतं, हे अठरा वर्षं राहून माहीत होतं, पण कळलं आत्ता.

आम्ही तिघं. नवरा ४४, मी ४२, लेक ११. ग्रीनकार्ड आहे. फ्रीमाँटला राहतो. लेकीला दमा आहे, रोजचा इनहेलर लागतो. नवऱ्याला बीपीची गोळी. माझं काही नाही, पाठ सोडून. मी माँटेसरीत अर्धवेळ शिकवते, तिथे विमा देत नाहीत. नवरा जानेवारीपासून कन्सल्टिंग करणार आहे, दोन कामं पक्की आहेत.

कोब्राचं, म्हणजे गेलेल्या नोकरीचाच विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवायच्या सोयीचं, पत्र आलंय, तिघांचे महिन्याला २,३५० डॉलर. ते बघून चहा गार झाला. मग कव्हर्ड कॅलिफोर्नियावर, राज्याच्या विमाबाजाराच्या साइटवर, गेले. तिथे आमच्या झिप कोडला पन्नासेक प्लॅन दिसतात. दोन रात्री एक्सेल घेऊन बसलेय. सरकारी सबसिडी न धरता तिघांचा ब्रॉन्झ (हप्ता कमी, पण उपचारात खिशातून जास्त) महिना साधारण १,२३० ला आणि त्याच्या वरचा सिल्व्हर १,६४० ला दिसतो. २०२६ चं उत्पन्न टाका म्हणतात. नवऱ्याचा धंद्याचा निव्वळ नफा ८६ हजार धरला, माझे २२ हजार, एकूण १,०८,०००. हा आकडा टाकला की सबसिडी शून्य. एक लाख टाकला की आठशेच्या वर. म्हणजे मधे कुठेतरी कडा आहे. ती कुठे आहे? आणि नोव्हेंबर-डिसेंबरचं काय करू?

---

निवांत | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

ताई, आधी नोव्हेंबर-डिसेंबर, कारण ते सोपं आहे. कोब्राचे पैसे आज भरू नका. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात. विमा संपला ती तारीख किंवा पत्र मिळालं ती, जी नंतरची असेल तिथून मोजायचे. ३१ ऑक्टोबरपासून मोजले तरी ३० डिसेंबर येतो. होकार दिल्यावर पहिला हप्ता भरायला आणखी ४५ दिवस. आणि होकार दिला की विमा मागच्या तारखेपासून, १ नोव्हेंबरपासून, लागू होतो. म्हणजे डिसेंबरात कुणाचा हात मोडला तर कोब्रा घ्या, नाही मोडला तर पत्र फाइलमध्ये. मात्र मधल्या काळात डॉक्टरकडे गेलात तर तुमचं कार्ड बंद दिसेल. स्वतः भरून नंतर मागावं लागेल.

कॅलिफोर्नियात विमा नसल्याचा दंड २०२० पासून आहे, पण तीन महिने किंवा कमी खंड असेल तर माफ. तुमचा दोनच महिन्यांचा.

१ जानेवारीपासून विमा हवा तर ३१ डिसेंबरच्या आत प्लॅन निवडा. नोंदणीची खिडकी ३१ जानेवारीपर्यंत उघडी आहे, पण जानेवारीत निवडलात तर १ फेब्रुवारीपासून मिळेल.

आणि कोब्रा घेऊन मधेच "महाग पडतोय" म्हणून मार्चमध्ये सोडलात तर एक्स्चेंजवर (कव्हर्ड कॅलिफोर्नियासारख्या सरकारी विमाबाजारात) दार उघडत नाही. माझ्या साडूने केलंय हे.

---

चकलीवाला | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

+१ निवांत. फक्त एक. या वर्षीचं डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) भरून झालं असेल तर उरलेल्या दोन महिन्यांना कोब्राची खरी किंमत वेगळी असते. कोब्रात तोच जुना प्लॅन चालू राहतो, भरलेलं डिडक्टिबल तसंच. लेकीची काही तपासणी डिसेंबरात करायचीच असेल तर बघा.

---

धोंडोपंत | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

कडा सांगतो. २०२१ पासून चालू असलेली वाढीव सबसिडी या ३१ डिसेंबरला संपते. आत्ता ४३ दिवस सरकार बंद राहिलं ते मुख्यतः ह्याच भांडणावरून. उघडलं, पण सबसिडीचं घोंगडं भिजतच आहे. त्यामुळे २०२६ ला जुना नियम परत: दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांवर एक डॉलर गेला की केंद्राची सबसिडी शून्य. तिघांच्या घराला ही रेघ १,०६,६०० डॉलर. दोघांना ८४,६००, चौघांना १,२८,६००.

रेघेच्या आत पण वरच्या टोकाला असाल तर तुम्ही उत्पन्नाच्या ९.९६ टक्के भरायचे आणि दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हरपर्यंतचं बाकीचं सरकार भरतं. ती सबसिडी कुठल्याही धातूच्या प्लॅनला, ब्रॉन्झ असो की सिल्व्हर, लावता येते. एक लाख उत्पन्नावर ९.९६ टक्के म्हणजे महिना ८३०. तुमचा सिल्व्हर १,६४०, म्हणून ८१० सबसिडी. तेच ८१० ब्रॉन्झला लावले तर हातून जाणार ४२०.

आता तुमची चूक. उत्पन्न म्हणजे नुसता नफा नव्हे. स्वतःचा धंदा असला की सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा अर्धा भाग वजा होतो. ८६ हजारांवर तो सहा हजारांच्या थोडा वर. म्हणजे १,०८,००० नाही, १,०२,०००. आलात की आत!

---

खाडीकाठची | १६ नोव्हेंबर, दुपारी १:१०

धोंडोपंत, तुमच्या तोंडात साखर पडो. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो शांतपणे म्हणाला "एफडीचं व्याज धरलंस का?"

पुण्यात एनआरई (परदेशस्थ भारतीयांच्या) खात्यात एफडी आहे, निवृत्तीनंतर परत जायचं म्हणून दहा वर्षं साठवलेली. वर्षाला साधारण साडेपाच लाख व्याज. पण ते तर टॅक्स-फ्री असतं ना?

---

धोंडोपंत | १६ नोव्हेंबर, दुपारी १:२५

भारतात. इथे नाही. एनआरईचं, एनआरओचं, पीपीएफचं व्याज, फ्लॅटचं भाडं, सगळं इथल्या रिटर्नमध्ये येतं आणि विम्याच्या उत्पन्नातही. साडेपाच लाख म्हणजे सव्वासहा हजार डॉलर. १,०८,२०० झाले. गेलात की बाहेर.

आपल्या लोकांचं नेमकं इथेच घोडं पेंड खातं. अर्जात पगार टाकतात, पुण्याचं व्याज विसरतात, वर्षभर सबसिडी घेतात. मग एप्रिलमध्ये १०९५-ए फॉर्म (वर्षभरात घेतलेल्या सबसिडीचा कागद) हातात धरून ८९६२ (तिचा हिशोब जुळवायचा कराचा फॉर्म) भरताना घाम. आधी निदान ४०० टक्क्यांच्या आतल्यांना परतफेडीला उत्पन्नाप्रमाणे मर्यादा तरी असायची. या जुलैत सही झालेल्या कायद्याने २०२६ पासून ती काढली. सगळी सबसिडी परत. तुमच्या आकड्यांत सांगायचं तर साडेनऊ हजारांच्या पुढे.

---

पोहेप्रेमी | १६ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

पुण्याहून वाचतोय, मजा वाटतेय (म्हणजे तुमच्या हालांची नाही). एक शंका. तुमच्याकडे "विमा कितीचा" हे कुणीच बोलत नाहीये. आमच्याकडे पहिला प्रश्न तोच, दहा लाखांचा की पंचवीसचा.

---

निवांत | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

पोहेप्रेमी, चांगला प्रश्न, कारण इथे सगळं उलटं आहे. तिकडे दहा लाखांपर्यंत कंपनी देते आणि त्यावरचं तुमचं. इथे ठरावीक रकमेपर्यंत तुम्ही देता आणि त्यावरचं कंपनीचं, वरती झाकण नाही. वार्षिक किंवा आयुष्यभराची मर्यादा घालायलाच बंदी. त्या तुमच्या रकमेला आउट-ऑफ-पॉकेट मॅक्स म्हणतात; २०२५ ला कायद्याने ती एकट्याला जास्तीत जास्त ९,२०० आणि कुटुंबाला १८,४००. हप्ता त्यात धरत नाहीत आणि नेटवर्कबाहेरचा (कंपनीशी करार नसलेला) डॉक्टरही नाही.

म्हणून इथे प्लॅन बघताना "कितीचा" नाही, "माझं कितीपर्यंत बुडेल" हे विचारायचं. आणि आधीचा आजार म्हणून थांबवणं २०१४ पासून बंद. लेकीच्या दम्याचा कुणी उल्लेखही करणार नाही.

---

पोहेप्रेमी | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

आमच्याकडे तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात. तेही आधी चार होती. पण सप्टेंबरपासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेला हो, १८ टक्के!

---

रिकामटेकडा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

धातूंची नावं बघून सराफाच्या दुकानात आल्यासारखं वाटतं, त्यात फसू नका. सिल्व्हर ७० म्हणजे तुमच्या प्रत्येक बिलाचे ७० टक्के कंपनी देते असं नाही. सगळ्या लोकांचा मिळून सरासरी खर्च धरला तर ७० टक्के प्लॅन उचलतो. ब्रॉन्झ ६०, गोल्ड ८०, प्लॅटिनम ९०.

कॅलिफोर्नियात एक बरं आहे, एका धातूच्या प्लॅनचं आतलं कोष्टक सगळ्या कंपन्यांना सारखंच ठेवावं लागतं. एकीचा सिल्व्हर ७० आणि दुसरीचा सिल्व्हर ७०, कोपे (दर भेटीला भरायची ठरावीक रक्कम) तेच, डिडक्टिबल तेच. म्हणजे कंपन्यांत तुलना करायची ती किंमत आणि नेटवर्क, बस. ताई, पन्नास ओळींचं एक्सेल चार ओळींचं करा.

नेटवर्कवरून माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचा ईपीओ (नेटवर्कबाहेर काही न देणारा प्लॅन) घेतला. तिच्या वेबसाइटवर आमच्या डॉक्टरचं नाव होतं, बघूनच घेतला. फेब्रुवारीत गेलो. रिसेप्शनवरच्या बाईंनी कार्ड उलटंपालटं केलं, बोटाने एका कोपऱ्यातली तीन अक्षरं दाखवली आणि म्हणाल्या, "ही कंपनी घेतो आम्ही, हे नेटवर्क नाही घेत." तोच लोगो, तोच निळा-पांढरा रंग. मालकाकडून मिळणारं नेटवर्क वेगळं, स्वतः घेतलेल्या प्लॅनचं वेगळं. त्यामुळे दवाखान्यात फोन करून "कंपनी घेता का" विचारू नका. प्लॅनचं पूर्ण नाव कागदावरून वाचून दाखवा, सोबत २०२६ म्हणा, आणि फोनवरच्या बाईचं नाव लिहून ठेवा.

कायझर कंपनीत हा प्रश्न येत नाही, डॉक्टरही त्यांचे, दवाखानाही त्यांचा, औषधांचं दुकानही त्यांचं. पण मग बाहेरच्या तज्ज्ञाकडे जायचं स्वप्न सोडून द्या.

---

मिलपिटासकर | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

कायझरबद्दल अनुमोदन. अवांतर: राज्याचे विम्यासाठी १९ विभाग केलेत. फ्रीमाँट अलामेडा काउंटीत, आम्ही पंधरा मिनिटांवर पण सांता क्लारात. तोच प्लॅन, वय तेच, दर वेगळा. माझ्या आकड्यांवरून हिशोब करू नका म्हणून लिहिलं.

---

सुईदोरा | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी फार्मसीत टेक्निशियन आहे. ब्रॉन्झबद्दल सगळे एवढ्या उत्साहाने बोलताहेत म्हणून लिहिते.

दर जानेवारीत काउंटरवर एकच दृश्य. १ तारखेला डिडक्टिबल शून्यावर आलेलं असतं. डिसेंबरात दहा डॉलरला नेलेला इनहेलर, मशीन आता तीन आकडी रक्कम दाखवतं. बाई एकदा स्क्रीनकडे बघते, एकदा माझ्याकडे. मग म्हणते, "राहू दे, पुढच्या आठवड्यात नेते." पिशवी परत रॅकवर जाते. ठरावीक दिवसांनी आम्ही ती रिकामी करून औषध परत साठ्यात टाकतो. किती पिशव्या अशा रिकाम्या केल्यात मी!

खाडीकाठची, तुझ्या लेकीला रोजचा इनहेलर आहे. प्लॅनची औषधांची यादी उघड, इनहेलर कुठल्या टियरमध्ये (किमतीच्या पायरीत) आहे बघ, आणि औषधांचं डिडक्टिबल वेगळं आहे का ते बघ. हप्ता वाचवून औषध टाळायची सवय लागली तर ती लेकीच्या छातीत निघेल.

---

धोंडोपंत | १७ नोव्हेंबर, सकाळी ११:००

सुईदोरा म्हणतात ते खरं आहे, त्यांच्याशी वाद नाही. पण हिशोब पुरा मांडू.

सिल्व्हर आणि ब्रॉन्झमध्ये महिना ४१० चा फरक, वर्षाचे ४,९२०. सगळं सुरळीत गेलं तर ब्रॉन्झवाला पुढे. फारच वाईट वर्ष गेलं, ऑपरेशन वगैरे, तरी दोघांच्या वरच्या मर्यादेत फार अंतर नसतं, म्हणजे तिथेही ब्रॉन्झवाला पुढे. सिल्व्हर जिंकतो तो मधल्या वर्षांत: दर महिन्याला तज्ज्ञ, दोन-तीन महागडी औषधं, एखादा एमआरआय. तुमचं घर त्यात बसतं का ते तुम्हीच ठरवा.

(उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या २५० टक्क्यांच्या आत असेल त्यांनी हे वाचू नये, त्यांनी डोळे मिटून सिल्व्हर. त्यांना सिल्व्हरमध्येच डिडक्टिबल आणि कोपे कमी करून मिळतात, दुसऱ्या धातूत नाही. मुलांना २६६ टक्क्यांपर्यंत मेडि-कॅल (कमी उत्पन्नवाल्यांचा राज्याचा विमा) मिळतं. अर्ज एकच, मूल तिकडे, आईबाप इकडे असंही होतं. घाबरू नका.)

आता ब्रॉन्झची खरी गोम. २०२६ पासून एक्स्चेंजवरचा प्रत्येक ब्रॉन्झ प्लॅन एचएसएला (उपचारखर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्याला) चालतो. कुटुंबाची मर्यादा ८,७५०. ते पैसे उत्पन्नातून वजा होतात. तुमचे १,०८,२०० वजा ८,७५० म्हणजे ९९,४५०. परत आत!

त्यातही गंमत अशी की २०२६ ची एचएसए १५ एप्रिल २०२७ पर्यंत भरता येते. म्हणजे वर्ष संपल्यावर, खरं उत्पन्न कळल्यावर, तेव्हा ठरवा किती टाकायचे. नवऱ्याला जास्त काम मिळालं तर सेप-आयआरए (धंदेवाल्यांची निवृत्तीची बचत) आहेच, तीही रिटर्न भरेपर्यंत चालते. स्वतःच्या विम्याच्या हप्त्याचीही वजावट मिळते, पण तिचा आणि सबसिडीचा हिशोब एकमेकांत गुंततो. एक बदललं की दुसरं बदलतं. ते सॉफ्टवेअरवर सोडा, हाताने करू नका, मी केलंय, एक रविवार गेला.

कॅलिफोर्निया मात्र राज्याच्या करात एचएसएची सूट देत नाही. तेवढं सोसा.

---

आजीचा_बटवा | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

थोडं विषयांतर, पण धाग्यावर जाणकार आहेत म्हणून विचारते. मी न्यूयॉर्कला. आईबाबा सत्तरीचे, ग्रीनकार्डला दोन वर्षं झाली. मेडिकेअरवाले (ज्येष्ठांचा सरकारी विमा) म्हणतात पाच वर्षं सलग राहा, मग या. तोपर्यंत व्हिजिटर इन्शुरन्सच का?

---

निवांत | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४५

नाही, अजिबात नको. ते इथले रहिवासी झालेत, तुमच्या राज्याच्या एक्स्चेंजवर साधा प्लॅन घेऊ शकतात. व्हिजिटर विम्याला जुने आजार चालत नाहीत, हा कुठल्याही आजाराला नाही म्हणत नाही. आणि तुम्ही नशीबवान: न्यूयॉर्कमध्ये वयावरून दर बदलत नाही, पंचविशीतल्या पोराला जो तोच सत्तरीच्या बाबांना. इथे कॅलिफोर्नियात म्हाताऱ्याला तरुणाच्या तिपटीपर्यंत लागतो. पाच वर्षं झाली की मात्र मेडिकेअरच्या तारखा चुकवू नका, उशिराचा दंड असतो.

सहा महिन्यांसाठी बी-२ व्हिसावर आलेल्या आईवडिलांना मात्र व्हिजिटर विमाच.

---

एचवन_आणि_एकटा | १७ नोव्हेंबर, रात्री ८:२०

एच-१बी व्हिसावाल्यांना सबसिडी मिळते का? स्टार्टअप आहे, विमा देत नाहीत.

---

धोंडोपंत | १७ नोव्हेंबर, रात्री ८:४०

२०२६ ला हो, एकट्याचं उत्पन्न ६२,६०० च्या आत असेल तर. १ जानेवारी २०२७ पासून नाही, एच-१बी, एच-४, एफ-१ सगळे बाहेर. प्लॅन पूर्ण पैसे देऊन घेता येईल.

सबसिडी नसलेल्या सगळ्यांसाठी: सिल्व्हर हवा असेल तर कंपनीकडून थेट, एक्स्चेंजच्या बाहेरून काय दर आहे ते बघा. गरिबांना दिलेल्या सवलतीचा भार एक्स्चेंजवरच्या सिल्व्हरवर टाकलेला असतो, बाहेरच्यावर नसतो.

---

मिलपिटासकर | १७ नोव्हेंबर, रात्री ९:०५

आणि गूगलवर "हेल्थ इन्शुरन्स कॅलिफोर्निया" शोधून पहिल्या जाहिरातीवर फोन नंबर देऊ नका. मी दिला. तीन दिवस फोन वाजत होता, एकदा तर सत्यनारायणाच्या आरतीत. राज्याने नेमलेले एजंट फुकट मदत करतात, कव्हर्ड कॅलिफोर्नियाच्याच साइटवरून शोधा.

---

खाडीकाठची | १९ डिसेंबर २०२५, रात्री १०:५०

महिनाभर गायब होते, क्षमस्व. काय केलं ते सांगते.

सुईदोरा, तुझा प्रतिसाद वाचून दुसऱ्या दिवशी औषधांची यादी उघडली. आमचा इनहेलर यादीतच नव्हता, पण त्याच औषधाचा जेनेरिक खालच्या टियरला होता. लेकीच्या डॉक्टरांना मेसेज केला, त्यांनी बदलून दिला. घरात दोन आठवडे वापरून पाहिला, लेक म्हणते चव घाण आहे, बाकी ठीक.

रिकामटेकडा, फोन केला. प्लॅनचं पूर्ण नाव वाचलं. बाई म्हणाल्या "घेतो." नाव विचारलं तर जरा चिडल्या, पण सांगितलं. एक्सेलमध्ये लिहिलंय.

तर ब्रॉन्झ, एचएमओ (ठरलेल्या नेटवर्कमध्येच जायचा प्लॅन). उत्पन्न ९९,५०० टाकलं, व्याजासकट, एचएसए वजा करून. अर्जातल्या वजावटीच्या रकान्यात ते लिहायचं असतं, पहिल्यांदा मला तो रकाना दिसलाच नव्हता. महिना ४१० च्या आसपास बसतंय. सिल्व्हरशी जो फरक आहे तो दर महिन्याला एचएसएत टाकायचा असं नवऱ्याकडून कबूल करून घेतलं, म्हणजे एप्रिलमध्ये सगळी रक्कम एकदम शोधत बसायला नको.

कोब्राचं पत्र अजून फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे. ३० तारखेपर्यंत कुणीही झाडावर चढायचं नाही असं लेकीला सांगितलंय.

---

निवांत | २० डिसेंबर, सकाळी ७:०५

उत्तम. पहिला हप्ता भरलात ना? प्लॅन निवडणं वेगळं, विमा सुरू होणं वेगळं. पहिला हप्ता पोचेपर्यंत काहीही सुरू होत नाही.

---

खाडीकाठची | २० डिसेंबर, सकाळी ७:४०

अय्या. नाही. भरते आत्ता.